नव्या गाडीतील गुंतागुंत आणि नवा चालक : ठाणे-नवी मुंबईकरांसाठी मार्गदर्शक

पहिली गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलेल्या माणसाला सर्वांत आधी दाखवली जाते ती डॅशबोर्डवरची मोठी स्क्रीन. मग सनरूफ, गार हवा सोडणारी आसने आणि दारांतले रंगीत दिवे. समोरच्या काचेवरची वाफ घालवण्याचे बटण कोठे आहे, हे मात्र सहसा कोणी दाखवत नाही, आणि जुलैत घोडबंदर रोडवर भर पावसात काच पांढरी पडते तेव्हा ते स्क्रीनवरच्या कुठल्याशा उपपानात असल्याचे कळते. गाड्यांत सोयी वाढल्या म्हणून तक्रार करण्याचे कारण नाही. जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आणि एअरबॅग यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. तक्रार आहे ती एवढीच, की पूर्वी हात न बघता करत असलेली साधी कामे आता डोळे रस्त्यावरून काढल्याशिवाय होत नाहीत, आणि ज्याला गाडी चालवण्याचाच अजून सराव नाही त्याच्यावर याचा भार सर्वाधिक पडतो. म्हणून गाडी निवडण्यापासून पहिल्या सर्व्हिसपर्यंत नव्या चालकाने काय तपासावे, काय चालू ठेवावे आणि काय निर्धास्तपणे बंद करावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

या तक्रारीला आधार आहे. गाडीत टचस्क्रीन प्रथम आली ती १९८६ च्या ब्युइक रिव्हिएरा या अमेरिकी गाडीत. ग्राहकांना ती रुचली नाही आणि काही वर्षांतच तिथे पुन्हा बटणे आली. २०२२ मध्ये 'वी बिलॅगारे' या स्वीडिश मोटार मासिकाने ११ नव्या गाड्या आणि २००५ ची एक जुनी व्होल्वो व्ही७० यांची तुलना केली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना तापमान बदलणे, रेडिओ लावणे अशी ठरावीक कामे चालकांनी करायची होती, आणि गाडी समजून घ्यायला त्यांना आधी वेळही दिला होता. जुन्या व्होल्वोत ही कामे १० सेकंदांत, ३०६ मीटर अंतरात उरकली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत ४४.९ सेकंद लागले आणि तेवढ्या वेळात गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती. गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासूनच्या आपल्या निकषांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे (हॅझार्ड), हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांच्यासाठी प्रत्यक्ष बटण किंवा दांडी असण्याला महत्त्व दिले आहे. फोक्सवॅगननेही आवाज, तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांची बटणे नव्या गाड्यांत परत आणण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. तेव्हा "मला ही स्क्रीन जमत नाही" असे वाटणाऱ्या नवख्याने स्वतःला कमी लेखू नये.

पहिली पायरी : शोरूममध्ये उभ्या गाडीत बसून तपासणी

गाडी बंद असताना चालकाच्या जागी बसावे, आसन आपल्या उंचीनुसार लावावे, नजर समोरच्या काचेतून बाहेर ठेवावी आणि एकेक काम हाताने शोधावे. आवाज कमी करणे, एसीचा पंखा वाढवणे, तापमान बदलणे, समोरच्या व मागच्या काचेचा डीफॉगर, म्हणजे वाफ घालवण्याची सोय, लावणे, वायपरचा वेग वाढवणे, हेडलाइट लावणे, धोक्याचे दिवे लावणे आणि हॉर्न वाजवणे, ही कामे चालत्या गाडीत तातडीने करावी लागतात. यांपैकी जी स्क्रीनवर बोट फिरवून करावी लागतात ती मोजावीत. माझ्या मते समोरच्या काचेचा डीफॉगर आणि पंख्याचा वेग या दोन गोष्टींना तरी स्वतंत्र बटण नसेल, तर कोकणपट्टीच्या पावसात चालवण्यासाठी त्या गाडीचा फेरविचार करावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे स्क्रीनवर दोन सेकंद नजर गेली की ३३ मीटर रस्ता न बघता कापला जातो. पाम बीच मार्गावर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर एवढ्या अंतरात पादचारी सहज आडवा येऊ शकतो.

स्पर्शाने चालणारी, वर न उचललेली सपाट 'बटणे' हीसुद्धा स्क्रीनमध्येच धरावीत, कारण बोटाला त्यांचा काठ लागत नाही आणि ती दाबली गेली की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा खाली बघावेच लागते.

व्हेरिएंट निवडताना टॉप मॉडेलकडे ओढा असतो. अशा वेळी दरांचा तक्ता मागून घ्यावा आणि प्रत्येक वरच्या व्हेरिएंटमध्ये नेमके काय वाढते ते वाचावे. अनेकदा सहा एअरबॅग, घसरण रोखणारी ईएससी यंत्रणा आणि मागचा कॅमेरा मधल्या व्हेरिएंटमध्येच मिळतात, आणि त्यावरचे पैसे सनरूफ, मोठी स्क्रीन व रंगीत दिवे यांच्यासाठी असतात. काही गाड्यांत तर खालच्या व्हेरिएंटला एसीचे गोल खटके असतात आणि वरच्या व्हेरिएंटला त्यांच्या जागी सपाट स्पर्शपट्टी येते. अशा ठिकाणी कमी पैशांत अधिक सोयीची गाडी मिळते, हे मनात पक्के असू द्यावे.

दुसरी पायरी : टेस्ट ड्राइव्ह

शोरूमचा माणूस बहुधा रिकाम्या रस्त्यावर एक फेरी मारून आणतो. आपण स्वतः रोज जाणार तो रस्ता मागावा. ठाण्यात माजिवडा, कापूरबावडीमार्गे घोडबंदर रोड आणि परत, किंवा नवी मुंबईत तुर्भ्याहून सायन-पनवेल महामार्ग धरून बेलापूर, अशी वर्दळ, उड्डाणपूल आणि सिग्नल असलेली फेरी मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. शक्य असल्यास दुसरी फेरी अंधार पडल्यावर घ्यावी, कारण स्क्रीनचा उजेड रात्री डोळ्यांना किती त्रास देतो आणि तो एका बटणाने कमी होतो की नाही, हे दिवसा कळत नाही. सोबतच्या माणसाला बोलू द्यावे, पण फेरीच्या अर्ध्या वेळात तरी त्याला शांत राहण्याची विनंती करावी, म्हणजे गाडी काय काय सूचना देते आणि कितीदा वाजते ते ऐकू येईल.

यांपैकी काही आवाज कायद्याने आले आहेत. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक कारमध्ये सीटबेल्टची आठवण, मागे घेताना अडथळा दाखवणारे सेन्सर आणि वेगाची सूचना आवश्यक आहे; ताशी ८० च्या पुढे ती अधूनमधून वाजते आणि १२० च्या पुढे सलग. हे आवाज बंद करून देणारा कोणी भेटला तरी ते करू नये. सीटबेल्टच्या खाचेत अडकवायची नुसती क्लिप विकत घेणे, हा तर स्वतःच्या जिवाशी केलेला खेळ आहे. लेन सोडल्याचा, पुढची गाडी हलल्याचा, दार उघडल्यावरच्या स्वागताचा, असे इतर आवाज मात्र सेटिंगमध्ये कमी करता येतात.

तिसरी पायरी : गाडी घरी आल्यावर, उभ्या गाडीत सेटिंग

ताबा घेण्याच्या दिवशी पूजा, पेढे आणि फोटो यांच्या घाईत विक्रेता पाच मिनिटांत सगळे सांगून टाकतो, आणि त्यातले फारसे लक्षात राहत नाही. म्हणून पुढच्या एखाद्या संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोकळ्या जागी गाडी उभी करून मालकपुस्तिका मांडीवर घेऊन बसावे. तळघरातील पार्किंग असेल तर इंजिन चालू ठेवून बसू नये; धूर कोंडतो. अशी गाडी बाहेर काढून मोकळ्या हवेत हे काम करावे.

सर्वांत आधी डॅशबोर्डवरचे दिवे ओळखावेत. त्यांचा अर्थ रंगावरून निम्मा कळतो : लाल म्हणजे गाडी सुरक्षित जागी थांबवा, पिवळा म्हणजे लवकर लक्ष द्या, हिरवा किंवा निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला असताना "घरापर्यंत जाऊ" म्हणणे इंजिनाला फार महागात पडते.

त्यानंतर स्क्रीन. मोबाइल जोडावा, घरचा आणि कामाचा पत्ता नकाशात साठवावा, स्क्रीनचा उजेड रात्री आपोआप कमी होण्याची सोय चालू करावी, आणि स्टिअरिंगवर किंवा स्क्रीनजवळ मनाजोगे काम सोपवता येणारे एखादे बटण आहे का ते पाहावे. असे बटण असल्यास त्याला रोज लागणारे, पण एरवी आत दडलेले काम द्यावे. आवाजी आज्ञा मराठीत चालतात का, हेही उभ्या गाडीतच करून पाहावे. खिडक्या उघड्या असताना आणि शेजारी बस हॉर्न देत असताना ही सोय फारशी कामाची राहत नाही, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवू नये.

थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी स्टार्ट-स्टॉप यंत्रणा नवख्याला सर्वाधिक गोंधळात टाकते. गोल बाणात 'ए' हे अक्षर, अशा चिन्हाच्या बटणाने ती बंद होते. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक वेळी इंजिन सुरू केल्यावर ती पुन्हा चालू झालेली असते, त्यामुळे बटण दाबण्याची सवयच लावून घ्यावी लागते. तीन हात नाक्यासारख्या लांब सिग्नलवर तिने थोडे इंधन वाचते, हे खरे. परंतु गाडी पावलापावलाने सरकते अशा कोंडीत ती सतत इंजिन चालू-बंद करत राहते, आणि मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसरही इंजिनाबरोबर थांबत असल्याने आतली हवा तापते. साचलेल्या पाण्यातून जाताना तर ती न चुकता बंद असावी, कारण पाण्यात थांबलेले इंजिन पुन्हा सुरू होताना आत पाणी ओढले जाऊ शकते आणि मग दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. अशा गाडीची बॅटरीही खास प्रकारची असते. बदलताना त्याच प्रकारची घ्यावी. साधी बॅटरी स्वस्तात बसवली की ती लवकर बसते.

चौथी पायरी : हॅन्डब्रेक, चावी आणि सोसायटीचे पार्किंग

आपल्याकडच्या सोसायट्यांत एकामागे एक गाड्या लावण्याची पद्धत आहे. मागची गाडी न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक सोडून उभी करायची आणि आतल्या गाडीवाल्याने ती ढकलून वाट काढायची, ही अनेक इमारतींतली वर्षानुवर्षांची सोय. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक, म्हणजे बटणावर चालणारा हॅन्डब्रेक, असलेली गाडी बंद करताच बहुधा ब्रेक आपोआप लागतो आणि काही ऑटोमॅटिक गाड्यांचा गिअर आपोआप पार्कमध्ये जातो. अशी गाडी ढकलता येत नाही. मालकपुस्तिकेत ब्रेक न लावता गाडी बंद करण्याची कृती दिलेली असते, ती आधी शिकून घ्यावी, आणि ती शक्य नसेल तर शेजाऱ्यांना व वॉचमनला तसे सांगून चावीची व्यवस्था ठरवावी. हा विचार गाडी ठरवतानाच केला तर उत्तम. बॅटरी पूर्ण बसली तर हा ब्रेक सुटतही नाही, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर अधूनमधून ती चालवून आणावी आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून आपली गाडी सुरू करण्याची जम्पर केबल गाडीत ठेवावी. यांत्रिक सांगाड्यात एकावर एक गाड्या ठेवणारे स्टॅक पार्किंग असल्यास आपल्या गाडीची उंची आणि वजन त्या सांगाड्याला चालते का, हे सोसायटीच्या कार्यालयात विचारूनच बुकिंग करावे.

त्याच बटणाजवळचा 'ऑटो होल्ड' मात्र नवख्या चालकाला खरोखर उपयोगी आहे. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबली की तो ब्रेक धरून ठेवतो आणि गाडी मागे घसरत नाही. क्लचवर अजून पाय बसलेला नसताना, मागे रिक्षा चिकटून उभी असताना, ही सोय मनावरचा ताण फार कमी करते. ज्यांना नव्या सोयींचा त्रास वाटतो त्यांनीही ती वापरून पाहावी.

बिनचावीच्या गाडीत चावी खिशात असली की दार उघडते आणि बटणाने इंजिन सुरू होते. तिच्यातली नाण्यासारखी बॅटरी एक दिवस संपते, आणि तो दिवस ओळखून येत नाही. बहुतेक रिमोटमध्ये धातूची छोटी चावी दडवलेली असते. तिचे भोक अनेकदा दाराच्या मुठीवरील झाकणाखाली असते. आत गेल्यावर रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून किंवा ठरावीक खाचेत ठेवून इंजिन सुरू करता येते. या दोन्ही कृती घरातल्या प्रत्येक चालकाने एकदा करून पाहाव्यात. रिमोट घेऊन उतरताना इंजिन खरोखर बंद झाले का, हे पाहूनच जावे. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्या आवाज करत नसल्याने त्या चालू राहिल्याचे लक्षात येत नाही. दाराच्या सपाट, आत बसणाऱ्या मुठी असलेली गाडी घेतल्यास वीज नसताना दार आतून-बाहेरून कसे उघडते, ते मुलांसकट सर्वांना दाखवावे.

पाचवी पायरी : पावसाळ्याआधीचा सराव

या भागातल्या चालकासाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून ती मेअखेर पुरी करावी.

काचेवर वाफ दोन बाजूंनी धरते आणि दोन्हींवरचे उपाय उलट आहेत. वायपर फिरवल्यावर वाफ गेली तर ती बाहेरच्या बाजूला आहे : एसीने काच फार गार झाली आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमली. अशा वेळी तापमान दोन-तीन अंशांनी वाढवावे, काचेकडे जाणारा वारा छातीकडे वळवावा आणि वायपर चालू ठेवावा. वायपरने फरक पडला नाही तर वाफ आतली आहे, म्हणजे माणसांच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची. मग एसी चालू ठेवून वारा काचेवर सोडावा, बाहेरची हवा आत घेण्याचे बटण लावावे आणि पंखा वाढवावा. बरेच नवखे चालक एसी बंद करतात आणि वाफ वाढते. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून तो चालूच हवा. ऑटो एसी असलेल्या गाडीत यंत्र आपल्या हिशेबाने हवा आतल्या आत फिरवत राहते, तेव्हा पावसात ऑटो बंद करून हाताने लावणे बरे. ही सगळी बटणे डोळे मिटून सापडेपर्यंत उभ्या गाडीत सराव करावा.

स्वयंचलित वायपरचा सेन्सर आरशामागे काचेला चिकटलेला असतो. काचेत सोडलेला अदृश्य प्रकाश थेंबांमुळे किती कमी परत येतो, यावरून तो पाऊस ओळखतो. काचेवर मेण, तेलकट थर किंवा धूळ असेल तर तो फसतो. कोरड्या, धुळीच्या काचेवर वायपर फिरला की ओरखडे पडतात, म्हणून पावसाळा सोडून ही सोय बंद ठेवावी. फास्टॅगचा स्टिकर काचेवर मध्यभागी लावतात, तो या सेन्सरवर किंवा कॅमेऱ्यासमोर येणार नाही हे लावणाऱ्याला आवर्जून सांगावे.

स्वयंचलित हेडलाइट अंधार मोजतात, पाऊस नव्हे. भर दुपारी मुसळधार पावसात ते पेटतीलच असे नाही; पुढचे दिवसा लागणारे दिवे दिसतात म्हणून चालक निश्चिंत राहतो, पण अनेक गाड्यांत तेव्हा मागचे लाल दिवे बंद असतात. मुंब्रा बायपासवर मागून येणाऱ्या कंटेनरला आपली गाडी दिसावी यासाठी पाऊस सुरू होताच हेडलाइट हातानेच लावावेत. धोक्याचे दिवे लावून गाडी चालवू नये. त्याने इंडिकेटर दिसेनासा होतो.

सनरूफच्या चौकटीत साचणारे पाणी बारीक नळ्यांतून खाली जाते. गुलमोहर, शिरीष अशा झाडांखाली गाडी उभी राहत असेल तर पाकळ्या-पानांनी त्या तुंबतात आणि पाणी छतातून आत झिरपते. पावसाआधी त्या साफ करून घ्याव्यात.

सहावी पायरी : अ‍ॅडासमधले काय ठेवावे, काय बंद करावे

अ‍ॅडास म्हणजे कॅमेरा आणि रडार यांच्या आधारे ब्रेक लावणारी, स्टिअरिंग वळवणारी यंत्रणा. ती चालकाला मदत करते. जबाबदारी चालकाचीच राहते. तिच्या भागांचा विचार सुटासुटा करावा. समोरची धडक टाळण्यासाठी आपोआप लागणारा ब्रेक बंद करू नये, हवे तर त्याची संवेदनशीलता कमी पातळीवर ठेवावी. लेनमध्ये ठेवण्यासाठी स्टिअरिंग ओढणारी सोय शहरात बंद करावी : पट्टे पुसलेले असतात, मेट्रोच्या कामांनी रस्ता वळवलेला असतो, खड्डा चुकवण्यासाठी इंडिकेटर न देता थोडे बाजूला जावे लागते, आणि नेमके तेव्हाच स्टिअरिंगला झटका बसला तर नवखा गांगरतो. पुढच्या गाडीशी अंतर राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलचेही तसेच आहे. घोडबंदरला आपल्यापुढे तीन गाड्यांची जागा मोकळी दिसली की तीत दुचाकी, रिक्षा, टेम्पो शिरतात आणि आपली गाडी अचानक ब्रेक लावते. मागच्याला ते अपेक्षित नसते.

या दोन्ही सोयी शिकण्यासाठी अटल सेतू योग्य जागा आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या पुलावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, पट्टे ठळक आहेत आणि कारसाठी ताशी १०० ची मर्यादा आहे. कोरड्या दिवशी, सुटीच्या सकाळी, पाय ब्रेकजवळ ठेवून एकेक सोय लावून पाहावी. घाटात आणि पावसात मात्र दोन्ही बंद.

समोरची काच बदलावी लागली तर कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करून घेणे आवश्यक असते आणि साध्या गॅरेजमध्ये ते होईलच असे नाही. विम्याच्या दाव्यात तो खर्च धरला आहे का, हे लेखी विचारावे.

सातवी पायरी : पहिल्या सर्व्हिसच्या आधी आणि नंतर

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी देताना "काहीतरी वाजते" असे न सांगता कोणता दिवा, कोणत्या वेगात, पाऊस होता की ऊन, हे कागदावर लिहून द्यावे, आणि शक्य असेल तर सोबतच्या माणसाने काढलेला फोटो दाखवावा. सॉफ्टवेअर अपडेट केले असल्यास काय बदलले ते विचारावे, कारण अपडेटनंतर आपण केलेली सेटिंग पुन्हा मूळ स्थितीत गेलेली असू शकते. टायरमधील हवेची पातळी चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्याशी, टायर थंड असताना, ताडून पाहावी. काही गाड्यांत हवा भरल्यावर स्क्रीनवरून ती नव्याने नोंदवावी लागते, नाहीतर पिवळा दिवा विनाकारण जळत राहतो.

डीफॉगरची कृती, स्टार्ट-स्टॉपचे बटण, लेनची सोय बंद करण्याची जागा, रिमोट संपल्यावर काय करावे आणि ब्रेक न लावता गाडी कशी बंद करावी, हे एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून ग्लव्हबॉक्समध्ये ठेवावे आणि सर्व्हिसहून गाडी आली की आवाराच्या बाहेर पडण्यापूर्वी त्यावरून एकदा पडताळणी करावी. घरातील दुसरे कोणी, किंवा एखाद्या दिवसासाठी बोलावलेला चालक, गाडी नेणार असेल तर त्यालाही हाच कागद वाचायला द्यावा.